दोनदा मागे, एकदा खाली

नोकरीच्या आठवणी निवृत्त माणसाने लिहाव्यात असा दिवाळी अंकांचा शिरस्ता आहे. मी निवृत्त झालेलो नाही, राजीनामा दिलेला आहे, आणि अजून तिशीही गाठलेली नाही. पण नगरच्या तारघरात टेलिप्रिंटरवर बसून जे पाहिलं ते आत्ताच लिहून टाकलेलं बरं. साठीपर्यंत थांबलो तर राग विझेल आणि मग मीही जुने दिवस किती छान होते असं लिहायला लागेन. आजवर मी लिहिली ती फक्त पत्रकं, एका बाजूला छापलेली, युनियनच्या फाटकावर वाटलेली. त्यामुळे भाषा कुणाला टोचली तर टोचू द्या.

तारघराच्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं की आत अजून कट्ट-कडकट्ट चालतं. ते मोर्स, माझ्या आधीच्या पिढीचं. टेलिप्रिंटर हा टाइपरायटरचा थोराड भाऊ. पुण्यात कुणी कळ दाबली की तारेतून विजेचे ठोके येतात आणि नगरच्या यंत्रातला हातोडा तेच अक्षर कागदावर मारतो. पुण्याचा माणूस दिसत नाही, पण त्याची बोटं तुमच्या टेबलावर चाललेली असतात.

बघायला येणाऱ्यांना अक्षरांचं कौतुक. आम्हाला नव्हतं. अक्षरं कुणीही मारतो. खरी नोकरी होती ती काहीच न छापणाऱ्या कळांची. कागद ज्या गाड्यावर बसवलेला असतो तो गाडा ओळ संपली की पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणायचा, त्याची एक कळ. कागद सरकवून खालच्या ओळीवर यायचं, त्याची दुसरी. अक्षरांवरून आकड्यांवर जायची एक, आकड्यांवरून परत यायची एक. ही परतीची कळ वाटेत हरवली तर पुढची सगळी अक्षरं आकडे होऊन उमटतात. एका आडत्याच्या हातात अशी तार पडली होती. मुलीच्या सासरची खुशाली होती ती. तो बाजारभाव समजून दुकानभर पेढे वाटत बसला.

काही हुकूम तर जोडीनेच द्यावे लागत. आधी आकड्यांची कळ, मग एक ठरावीक अक्षर, की पलीकडच्या यंत्राची घंटी वाजते. आकड्यांची कळ आणि दुसरं अक्षर मारलं तर अर्थ होतो, 'तू कोण?' आणि पलीकडचं यंत्र आपलं नाव आपणच छापून पाठवतं. तिथे माणूस बसलेला असो, चहाला गेलेला असो, नाहीतर खुर्चीच रिकामी असो, उत्तर येणार म्हणजे येणार. मोठ्या साहेबांच्या जागी अशी यंत्रं का बसवत नाहीत ते मला कळलेलं नाही.

घंटीची गोष्ट एकदा सावेडीच्या एका गृहस्थांना कुठूनतरी कळली. नव्या बंगल्यातले, स्कूटरवरून आलेले. मुलाचं लग्न ठरलं होतं.

"आमच्या व्याह्यांना तार करायची आहे. सोबत घंटी पण वाजते म्हणे, तीही वाजवा."

"घंटी पुण्याच्या तारघरात वाजते, व्याह्यांच्या घरात नाही," मी म्हणालो.

"असू द्या. कुणाची तार आहे ते तारघराला तरी कळू द्या."

मी त्यांना हाकलणार होतो. पण शेजारच्या खुर्चीवरून शेखसाहेब म्हणाले, "वाजवतो साहेब, दोनदा वाजवतो." गृहस्थ खूश होऊन गेले. घंटी अर्थातच वाजली नाही.

शेखसाहेब आमच्यातले सगळ्यात जुने. मोर्समध्ये हयात गेलेली, टेलिप्रिंटर उतारवयात शिकले आणि आम्हा पोरांना त्यांनीच शिकवला. पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम बोटांत भरवला. ओळ संपली की गाडा मागे आणायची कळ दोनदा मारायची आणि मग खाली यायची कळ एकदा. दोनदा मागे, एकदा खाली. प्रत्येक ओळीला, मरेपर्यंत.

मी विचारलं, "एकदा मारली तरी गाडा येतो की. दुसरी कशाला वाया घालवायची?"

"गाडा म्हातारा असतो बेटा. पहिल्या हाकेला नुसता 'ओ' देतो. उठतो दुसऱ्या हाकेला."

त्यानंतर वरून परिपत्रक आलं. तारा तुंबतात, वेग वाढवा, अनावश्यक कळा टाळा, गाडा परत आणण्याची कळ एकदाच दाबणे पुरेसे आहे. ज्याने हे लिहिलं त्याने ते टेलिप्रिंटरला बोट न लावता लिहिलं, हे मी पैजेवर सांगतो. माणसं वाढवायची नाहीत, यंत्रं वाढवायची नाहीत, आणि कारकुनाच्या करंगळीतून वेग काढायचा. मी लगेच पत्रक काढलं. पत्रकात बोटांच्या दुखण्यावर लिहिलं, पाठीच्या मणक्यावर लिहिलं, शोषणावर तर बरंच लिहिलं. नगरला आम्ही दोनदाच मारत राहिलो. पुण्याला काहींनी परिपत्रक पाळलं, काहींनी नाही.

हे सगळं बहात्तरच्या दुष्काळातलं. त्या वर्षी नगरमध्ये काही होतं तर धूळ. टेबलावर, चहाच्या बशीत, यंत्राच्या झाकणाखाली. यंत्र साफ करणारा मेकॅनिक पुण्याहून यायचा, आणि तो यायचाच नाही.

मी पाथर्डीकडचा. तिकडे एका पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर आमच्या गावची माणसं होती. आमच्या संघटनेची पोरं त्यांच्यात जाऊन हजेरी नीट लागते का, पाण्याचा टँकर येतो का हे बघायची. नोकरीत असल्यामुळे मला उघडपणे जाता येत नव्हतं, मी सुट्टीच्या दिवशी जायचो. त्या कामाची मुदत संपत आली होती. वाढीव मंजुरी मुंबईहून आली नाही तर शनिवारच्या हजेरीनंतर काम बंद, असं नगरच्या कचेरीतल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं. काम बंद म्हणजे माणसं पांगणार. तिकडची माणसं एरवी ऊसतोडीला जायची सवय असलेली, पण त्या वर्षी कोपरगावच्या बाजूलाही नव्या माणसाला कोण उभं करणार होतं? म्हातारी गावात, जनावरं छावणीत, कर्ती माणसं वाट फुटेल तिकडे, असं घर तीन ठिकाणी झालं असतं. काही कायमची गेली असती.

शुक्रवारी मुंबईच्या आमच्या माणसाने ट्रंककॉल करून सांगितलं की मंजुरीची तार गुरुवारी दुपारीच नगरच्या कचेरीला सोडली आहे. मी ते एसटीच्या कंडक्टरबरोबर कामावर कळवलं आणि शांत झोपलो.

शनिवारी सकाळी तारघराच्या खिडकीत गयाबाई उभी. कामावर बायकांची टोळी तिच्या शब्दावर चालायची. मुकादमही तिच्याशी नीट बोलायचा.

"नरवडेभाऊ, कचेरीतला सायेब म्हनतो तार आलीच न्हाई."

"आलीय बाई. मुंबईने परवाच सोडलीय."

"सोडली ती गेली कुठं मग? वाटंत उतरली का काय?"

"तार वाटेत उतरत नसते."

"न उतरंना. पर पोचली बी न्हाई ना." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "सांजच्याला हजेरी झाली का समदी निघनार हायेत. बोचकी बांधायला लागलीत मानसं. मी सांगून आले, मी येईस्तवर कोनी हलू नका. पर लोक किती दम धरतील?"

माझं डोकं फिरलं. मुंबईने दडपली, कचेरीने दाबली, कुणीतरी मुद्दाम केलं. मनात पत्रकाचं शीर्षकही तयार झालं, 'मंजुरी कुणी गिळली?' मी ते मोठ्याने म्हटलं असावं, कारण शेखसाहेब म्हणाले, "गुस्सा संध्याकाळी कर. आधी गुरुवारचे नंबर बघू."

मुंबईच्या तारा आमच्याकडे पुण्यामार्गेच येत. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक तारेला ओळीने नंबर असतो. एखादी तार गळली तर नंबर तुटतो आणि लगेच कळतं. गुरुवारचे सगळे नंबर लागलेले होते. एकही तुटलेला नाही.

आमचे तारमास्तर भागवतसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "झालं तर. आपल्याकडे सगळं पोचलं. विषय संपला."

"मग तार कुठाय?"

"ते मुंबईला विचारा."

"विचारतो. पत्रक काढून विचारतो."

"तुम्ही घड्याळात किती वाजले हेसुद्धा पत्रक काढून विचारता, नरवडे."

शेखसाहेब मात्र यंत्राकडे बघत होते. गुरुवारी दुपारी यंत्रावर तेच होते. ते हळूच म्हणाले, "एक खोडलेली आली होती."

इथे बाहेरच्या माणसाला एक सांगायला हवं. तार पाठवताना चूक झाली तर पाठवणारा ती तशीच सोडून एकच अक्षर धडाधड मारत सुटतो, ओळ भरली की कडेला त्याचा काळा डाग होतो. त्याचा अर्थ, ही तार रद्द, नवीन नंबराने पुन्हा पाठवतो. घेणाऱ्याने तो कागद चुरगाळून टाकायचा आणि नंबरावर खूण करायची. रोजचीच रीत. गुरुवारी वावटळ सुटली होती, खिडक्या बंद करायला शेखसाहेब उठले होते. परत येऊन बघतात तर कागदावर पहिली ओळ स्वच्छ, नंबरासकट, आणि त्याखाली नुसते काळे ठिपके. त्यांना वाटलं पुण्याने खोडली. कागद चुरगाळला, सवयीने गाडा दोनदा मागे घेतला, नंबरावर खूण केली. तारघराबाहेरच्या कुणी ते डाग टाकून दिले नसते, 'हे काय' म्हणून चार जणांना दाखवले असते. टाकून देतो तो जाणकारच.

"मग पुण्याने ती दुसऱ्या नंबराने पुन्हा पाठवली का?" मी विचारलं.

"तेच बघायचं राहिलं," शेखसाहेब म्हणाले.

भागवतसाहेबांनी आम्हाला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, नोकरी सांभाळणारा होता. "शेखसाहेब, तो नंबर पुन्हा मागितला की सरकारी तार हातून गेली हे कबूल केल्यासारखं आहे. लेखी जबाब द्यावा लागेल. तुमची निवृत्ती उंबऱ्यावर आलीय. सोमवारी मी फोनवर तोंडी विचारतो."

"सोमवारी तिथे माणूस राहणार नाही," मी म्हणालो. पुढे आणखी बरंच म्हणणार होतो, पण शेखसाहेब तोवर खुर्चीवर जाऊन बसलेसुद्धा.

"जबाब मी देईन, भागवतसाहेब. माझं इंग्रजी चांगलं आहे."

त्यांनी आकड्यांची कळ मारली, अक्षर मारलं. तू कोण? खटखट उत्तर आलं, पुणे.

गयाबाई खिडकी सोडून कधी आत आली ते कुणाला कळलं नाही. बाहेरच्या माणसाला आत यायची मनाई होती. भागवतसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"काय म्हनतंय?" तिने विचारलं.

"पुणे आहे म्हणतंय."

"मानूस हाय का पर तितं?"

हा प्रश्न मला शिकायला सहा महिने लागले होते. शेखसाहेबांनी घंटी वाजवली. थांबून पुन्हा वाजवली. मग तिकडून माणसाने स्वतः मारलेली अक्षरं आली, सांगा. शेखसाहेबांनी नंबर दिला आणि पुन्हा पाठवा म्हणून सांगितलं.

तार सुरू झाली. पहिली ओळ छान उमटली. दुसरी ओळ लांबलचक होती, उजव्या कडेपर्यंत गेली. पाठवणाऱ्याने गाडा मागे घ्यायची कळ मारली, गाडा जरासा थरथरला आणि तिथेच राहिला. कागद मात्र एक ओळ सरकला. आणि हातोडा एकाच जागी बडवायला लागला. अक्षरावर अक्षर, त्यावर अक्षर, टपोरा काळा डाग. कागद सरकला, त्याखाली दुसरा डाग. आम्ही सगळे बघत उभे.

"हे काय लिव्हलंय?" गयाबाई म्हणाली. "निस्तं काळं."

"ही तुमची मंजुरी, बाई," शेखसाहेब म्हणाले.

धूळ आणि तेल मिळून गाड्याच्या उजव्या टोकाला चिकटा धरला होता. लोकांच्या तारा छोट्या असतात, मुलगा झाला, लवकर निघा, ताप उतरला. त्या उजव्या टोकापर्यंत जातच नाहीत, म्हणून दोन दिवस कुणाला काही कळलं नाही. टोकापर्यंत जाते ती सरकारी तार, सगळे संदर्भ आणि सगळे विभाग सांगितल्याशिवाय तिला मुद्द्यावर येता येत नाही. त्यात गुरुवारी आणि आजही यंत्रावर बसलेला पुण्याचा माणूस परिपत्रक पाळणारा निघाला. पहिल्या हाकेने गाडा फक्त सैल होत होता. लागलीच दुसरी हाक कुणी मारतच नव्हतं, आणि पुढची ओळ संपेपर्यंत गाडा पुन्हा चिकटत होता.

मी गाडा हाताने ढकलायला गेलो. भागवतसाहेब म्हणाले, "हात लावू नका, बोट जाईल." खरं होतं ते. शेखसाहेबांनी मध्येच घंटी मारून पुण्याला थांबवलं आणि दोनदा कळ मारून गाडा मागे आणला. मग त्यांचं दोघांचं इंग्रजी अक्षरांत मराठी बोलणं सुरू झालं. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते हे, की छोट्या ओळींत बोला, नाहीतर तुमचं बोलणंही काळं होतंय.

"गाडा अडकतो. दोनदा मागे मारा."

"परिपत्रक बघा. एकदाच."

"सांगा त्याला, अरे गुलामा," मी सुरू केलं.

"तू बोलू नको," शेखसाहेब मान न वळवता म्हणाले. "तू बोललास की लाइन तुटते." आणि त्यांनी शांतपणे टाइप केलं, "परिपत्रक लिहिणारे साहेब आज ड्यूटीवर आहेत का?"

नुसती मोटर घरघरत होती.

"नाहीत."

"मग?"

गयाबाईने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. संघटनेत मला शिकवलं होतं की समोरच्याला विचार करायला वेळ देऊ नये. इथे आम्ही सगळेच त्याच्या विचार करण्याची वाट बघत होतो.

मग पुण्याकडून आमची घंटी वाजली आणि तार पहिल्यापासून सुरू झाली. दुसरी ओळ उजव्या टोकाला गेली. गाडा थरथरला. लगेच दुसरा ठोका आला आणि गाडा झपकन डावीकडे येऊन बसला. ओळीखाली ओळ, स्वच्छ. त्या पठ्ठ्याने नंतर तर तीन-तीनदा मारायला सुरुवात केली. शेखसाहेबांची बोटं मांडीवर त्याच्याबरोबर ताल धरत होती.

तार लांब होती. संदर्भ संपले, विभाग संपले, शेवटच्या दोन ओळींत काम पुढील आदेशापर्यंत चालू ठेवावे असं होतं. मी दोनदा वाचलं.

"काय म्हनती?" गयाबाई.

"काम चालू."

ती भिंतीला टेकून खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "एवढंच हुतं तर इतकं लांबडं कशापायी लिव्हलं?"

भागवतसाहेब हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

जाता जाता पुण्याने विचारलं होतं, "गाड्याला काय झालंय?" शेखसाहेबांनी टाइप केलं, "धूळ." तिकडून आलं, "इकडे पण." मी ज्याला गुलाम म्हणालो तो एवढं बोलून पुढच्या तारेला लागला. त्याचं नाव मी विचारलं नाही, याची रुखरुख अजून आहे. परिपत्रकाविरुद्ध लिहिताना मी माझ्या करंगळीचा विचार केला होता. त्या करंगळीवर पाझर तलावावरची माणसं टांगलेली असतील हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. आणि परिपत्रक अजून मागे घेतलेलं नाही, हेही इथेच नोंदवतो.

शेखसाहेबांनी लेखी जबाब दिला, सरळ, स्वतःवर घेऊन. मी कित्येक दिवस धास्तावून होतो. त्यांच्यासाठी लढ्याची तयारी करून ठेवली होती. काहीच झालं नाही. जबाब कुणी वाचलाच नसावा. ते मानाने निवृत्त झाले, सगळं नियमाप्रमाणे मिळालं, आणि सरकारच्या आळसाबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा आभार मानले.

त्या शनिवारी माझी पाळी संपताच मी आणि गयाबाई तारवाल्या शिपायाबरोबर कचेरीत गेलो. साहेबांनी सही केली. "ठीक आहे. सोमवारी काम चालू."

"कामावर कोण सांगणार?" मी विचारलं.

"सोमवारी जीप जाईल."

"सोमवारी कुनाला सांगनार, सायेब? दगडांना?" गयाबाई म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मुकादमाच्या नावाने दोन ओळी खरडून दिल्या.

पाथर्डीच्या एसटीत उभं राहून गेलो. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पुढची वाट पायी. गयाबाई माझ्या पुढे, इतकी भरभर की मला पळावं लागत होतं. मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. परिपत्रक, वेग, सरकार, धूळ, सगळं त्यात होतं.

भरावावर चढलो तर खाली हजेरी आटोपलेली. पालांचे खांब उपटलेले. बोचकी बांधून झालेली, भांड्यांची गाठोडी बायकांच्या डोक्यावर चढलेली. दोन घरं तर वाटेला लागली होती, त्यांची पाठ आमच्याकडे.

मी श्वास घेतला आणि "बंधू-भगिनींनो" एवढं म्हणालो.

"आवो, काम चालू हाय," गयाबाई भरावावरून ओरडली. "सोमवारी यायचंय समद्यांनी. सायेबाची चिठ्ठी हाय." मग वाटेला लागलेल्यांना उद्देशून, "ए भागीरथे, कुठं चालली? फिर माघारी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुकादमाने चिठ्ठी वाचली आणि मान हलवली. डोक्यावरची गाठोडी एकेक करून खाली आली. भागीरथीबाई परत आली, तिने माझ्या हातात तिचं मूल दिलं, "धरा वाईच," म्हणाली, आणि चूल मांडायला तीन दगड शोधू लागली.